शिशाच्या गोळ्यांवर बंदी हवी की नको? ‘लेड अ‍ॅम्युनिशन’चा वाद सोप्या मराठीत



आपल्या साइटवर तुम्ही नेहमी फोन, अ‍ॅप, प्रोसेसर असलं काही वाचता. आजचा विषय जरा वेगळा आहे: बंदुकीची गोळी. पण लगेच बॅक दाबू नका. ही गोष्ट शेवटी मटेरियलची आहे, आणि तिची सुरुवात तुमच्या हातातल्या फोनपासूनच करता येते.

मागच्या वर्षी कोल्हापूरहून माझ्या मामेबहिणीचा फोन आला. ती अकरावीत आहे, रायफल शूटिंग करते. आधी एअर रायफल, आता पॉइंट टू टू. म्हणाली, “दादा, माझ्या रक्तात शिसं ७.८ आलंय. हे जास्त असतं का रे?” रिपोर्टचा फोटो तिने व्हॉट्सअ‍ॅपवर टाकला होता. मागून मामीचा आवाज येत होता, “आधी ते शूटिंग बंद कर म्हणावं.” त्या रात्री मी वाचायला बसलो. आपल्या पोरीच्या रिपोर्टपासून सुरू झालेलं वाचन अमेरिकेतली गिधाडं, डेन्मार्कचे शिकारी आणि युरोपचे कायदे इथपर्यंत गेलं. ते सगळं एका जागी मांडावं म्हणून हा लेख.

आधी फोनची गोष्ट

मी इंजिनिअरिंगला होतो तेव्हा लॅबमध्ये सोल्डरिंगला जी तार मिळायची ती कथील आणि शिसं यांची असायची. ६३ टक्के कथील, ३७ टक्के शिसं. १८३ अंश सेल्सिअसला वितळते, छान वाहते, सांधा चकचकीत येतो. काम करायला याच्याइतकं सोपं काही नाही.

तरीही तुमच्या फोनच्या बोर्डावर ते सोल्डर नाही. युरोपियन युनियनने ‘रोहस’ नावाचा नियम केला आणि १ जुलै २००६ पासून इलेक्ट्रॉनिक वस्तूंमध्ये शिशावर ०.१ टक्क्याची मर्यादा आली, काही मोजके अपवाद सोडून. तेव्हाही आरडाओरडा झाला होता. नवीन सोल्डरला २१७ अंशांच्या आसपास तापमान लागतं, मशिनं बदलावी लागतील, खर्च वाढेल, सांधे तडकतील, कथिलाला बारीक केसासारखे तंतू फुटून शॉर्ट सर्किट होईल. यातल्या बऱ्याच अडचणी खऱ्या होत्या. पण कंपन्यांनी त्या सोडवल्या, कारण तारीख ठरली होती आणि नियम सगळ्यांना सारखा होता. भारताच्या ई-कचरा नियमांतही आज हीच ०.१ टक्क्याची मर्यादा आहे.

म्हणजे पेट्रोलमधून शिसं गेलं, रंगातून जातंय, फोनमधून गेलं. बंदुकीच्या गोळीत मात्र ते अजून आहे. का?

गोळीत शिसंच का वापरतात?

तीन कारणं आहेत.

१. घनता. शिशाची घनता ११.३४ ग्रॅम प्रति घन सेंटिमीटर आहे. पोलाद ७.८६, तांबं ८.९६. लहान आकारात जास्त वजन मिळालं की गोळी हवेत वेग कमी गमावते आणि लांबवर जोर टिकवते.

२. मऊपणा. शिसं नखाने ओरखडता येतं. बॅरलच्या आतल्या खाचांना ते घट्ट बसतं, बॅरलला इजा करत नाही, आणि प्राण्याच्या अंगात शिरल्यावर पसरतं.

३. कमी तापमानाला वितळणं. ३२७ अंशांना ते पाणी होतं. घरच्या शेगडीवरही ओतता येतं. १७८२ मध्ये ब्रिस्टलच्या विल्यम वॉट्सने एक पेटंट घेतलं: उंचावरून चाळणीतून वितळलेलं शिसं सोडायचं, खाली पडता पडता थेंब गोल होतात, आणि खालच्या पाण्यात पडून घट्ट होतात. छर्रे तयार! त्यासाठी उंच मनोरे बांधले गेले आणि छर्रे स्वस्त झाले.

थोडक्यात, इंजिनिअरच्या नजरेने पाहिलं तर शिसं हे या कामासाठी जवळपास आदर्श मटेरियल आहे. एक गोष्ट सोडून: ते विष आहे.

शिसं शरीरात नेमकं काय करतं?

शिसं शरीराला कॅल्शियमसारखं वाटतं. त्यामुळे जिथे कॅल्शियम जायचं तिथे ते घुसतं: मज्जातंतूंत, हाडांत, रक्त तयार करणाऱ्या यंत्रणेत. रक्तातलं शिसं साधारण महिन्याभरात निम्म्यावर येतं, पण हाडांत बसलेलं शिसं अनेक वर्षं, अगदी दशकंही राहतं. लहान मुलांच्या मेंदूवर त्याचा परिणाम सर्वात जास्त होतो. जागतिक आरोग्य संघटना म्हणते की शिशाची कुठलीही ‘सुरक्षित’ पातळी माहीत नाही. अमेरिकेच्या सीडीसीने २०२१ मध्ये मुलांसाठी लक्ष द्यावं अशी पातळी ५ वरून ३.५ मायक्रोग्रॅम प्रति डेसिलिटरवर आणली.

आता बहिणीचा ७.८ हा आकडा तुम्हाला समजेल. दवाखान्यात भरती करण्याएवढा मोठा नाही, पण ‘हे कुठून येतंय ते शोधा’ असं सांगणारा आहे.

बदकांपासून सुरू झालेला वाद

हा वाद फार जुना आहे. अमेरिकेत १८९४ मध्येच जॉर्ज बर्ड ग्रिनेल यांनी शिशाने मरणाऱ्या पाणपक्ष्यांबद्दल लिहिलं होतं.

कसं मरतात? शिकाऱ्याच्या एका बारातून शंभर-दोनशे छर्रे उडतात. बदकाला दोन-चार लागतात, बाकीचे तळ्याच्या तळाशी जाऊन बसतात. बदकांना दात नसतात. दाणे भरडण्यासाठी ती बारीक खडे गिळतात आणि पोटातल्या स्नायूंच्या पिशवीत साठवतात. छर्रा त्यांना खड्यासारखाच दिसतो. मग ही चक्की आणि पोटातलं आम्ल मिळून त्या छर्‍याची पूड करतात आणि शिसं रक्तात जातं. १९५९ मध्ये फ्रँक बेलरोज या शास्त्रज्ञाने अंदाज काढला की उत्तर अमेरिकेतले २ ते ३ टक्के पाणपक्षी दरवर्षी अशाने मरतात.

अमेरिकेने १९८६ पासून टप्प्याटप्प्याने आणि १९९१ पासून देशभर पाणपक्ष्यांच्या शिकारीत शिशाचे छर्रे बंद केले. नंतर मिसिसिपी खोऱ्यात १९९६-९७ च्या हंगामात तपासणी झाली. मॅलार्ड बदकांमधले शिशाने होणारे मृत्यू ६४ टक्क्यांनी कमी झाले असा निष्कर्ष निघाला. आणि बदकांची शिकार बंद पडली का? नाही. ती आजही चालू आहे, फक्त पोलादी छर्‍यांनी.

कॉन्डॉर: २२ वर आलेला पक्षी

कॅलिफोर्निया कॉन्डॉर हे अमेरिकेतलं महाकाय गिधाड. पंख पसरले की जवळपास तीन मीटर. १९८२ मध्ये जगात फक्त २२ उरले. १९८७ मध्ये उरलेले सगळे पकडून पिंजऱ्यात आणले, तेव्हा एकूण संख्या २७ होती. त्यांची पैदास करून १९९२ पासून परत रानात सोडायला सुरुवात झाली. आज एकूण पाचशेच्या वर आहेत.

आनंदाची गोष्ट? अर्धीच. कारण रानातल्या कॉन्डॉरच्या मृत्यूचं सर्वात मोठं कारण शिसं आहे. गिधाड मेलेलं खातं. शिकारी हरीण मारतो, तिथेच साफ करतो, आतडी जागेवर टाकून मांस घेऊन जातो. त्या आतड्यांत गोळीचे तुकडे असतात. रायफलची शिशाची गोळी सेकंदाला ८०० मीटर वगैरे वेगाने आदळते आणि फुटते. अशा हरणाचा एक्स-रे काढला की जखमेभोवती पांढऱ्या ठिपक्यांचा सडा दिसतो. त्यातले कितीतरी तुकडे डोळ्यांनी दिसणारसुद्धा नाहीत.

कॉन्डॉर दोन वर्षांत साधारण एकच पिल्लू वाढवतो, आणि ते पिल्लू सहा-आठ वर्षांनी वयात येतं. त्यामुळे एक मोठा पक्षी मेला तरी हिशोब बिघडतो. म्हणून काय करतात? पक्षी वरचेवर पकडायचे, रक्त तपासायचं, शिसं जास्त असेल तर ते बाहेर काढणारं औषध द्यायचं, परत सोडायचं. सॉफ्टवेअरच्या भाषेत सांगायचं तर मूळ बग तसाच ठेवून दर महिन्याला सर्व्हर रीस्टार्ट करण्यासारखं आहे हे.

शिसं गोळीतलंच कशावरून?

मला सर्वात आवडलेला भाग हा. शिकारी संघटनांचा प्रश्न रास्त होता: शिसं जुन्या रंगात असतं, कचऱ्यात असतं, पेट्रोलचं मातीत उरलेलं असतं. गोळीचाच दोष कशावरून?

उत्तर आयसोटोपमध्ये आहे. शिशाचे चार स्थिर प्रकार असतात: २०४, २०६, २०७ आणि २०८. जगातल्या वेगवेगळ्या खाणींतल्या शिशात त्यांचं प्रमाण वेगळं असतं, जणू फिंगरप्रिंटच. कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या सांता क्रूझ इथल्या संशोधकांनी कॉन्डॉरच्या रक्तातलं शिसं आणि दुकानात मिळणाऱ्या गोळ्यांतलं शिसं ताडून पाहिलं. पिंजऱ्यात वाढलेल्या, अजून न सोडलेल्या पक्ष्यांत आजूबाजूच्या वातावरणाचा ठसा सापडला. रानात फिरणाऱ्या बहुतेक विषबाधित पक्ष्यांत गोळ्यांचा ठसा सापडला. शिवाय पीस हळूहळू वाढतं, त्यामुळे एका लांब पिसाचे तुकडे करून तपासले तर कुठल्या आठवड्यात शिसं अंगात गेलं तेही कळतं. म्हणजे पीस ही लॉग फाइलच झाली!

गोष्ट फक्त कॉन्डॉरपुरती नाही. २०२२ मध्ये ‘सायन्स’ या नियतकालिकात ३८ राज्यांतल्या १,२१० गरुडांचा अभ्यास आला. बाल्ड ईगल आणि गोल्डन ईगल या दोन्ही जातींत जवळपास निम्म्या पक्ष्यांच्या हाडांत दीर्घकाळच्या विषबाधेएवढं शिसं होतं.

आणि माणसाचं ताट?

शिकार करणारा माणूस ते मांस घरी नेतो. २००९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात ३० हरणं रायफलने मारून नेहमीच्या खाटिकांकडून मांस करून घेतलं. ८० टक्के हरणांच्या मांसात धातूचे कण सापडले, आणि खिम्याच्या २३४ पाकिटांपैकी ३२ टक्क्यांत. ते मांस डुकरांना खायला घातल्यावर त्यांच्या रक्तातलं शिसं वाढलं. नॉर्थ डकोटा राज्यात सातशेहून जास्त लोकांचं रक्त तपासलं, तेव्हा रानातलं मांस खाणाऱ्यांत शिसं थोडं जास्त निघालं. ‘थोडं’ हा शब्द महत्त्वाचा आहे. विरोधक म्हणतात की ही वाढ किरकोळ होती, समर्थक म्हणतात की घरात लहान मूल किंवा गरोदर बाई असेल तर किरकोळ काहीच नसतं. दोघांचंही म्हणणं त्याच आकड्यांवर उभं आहे.

पर्याय कोणते?

* पोलादी छर्रे: सर्वात स्वस्त पर्याय. पण त्याच आकाराचा पोलादी छर्रा शिशापेक्षा सुमारे ३१ टक्के हलका. वजन सारखं करायचं तर व्यास १३ टक्क्यांनी वाढवावा लागतो, आणि मग हवेचा अडथळा वाढतो. शिकारी साधारण दोन नंबर मोठा छर्रा घेतात आणि बार जवळून टाकतात. पोलाद कडक असल्याने काही जुन्या बंदुकांच्या नळीला त्रास होऊ शकतो.
* बिस्मथ: घनता ९.७८. शिशाच्या जवळ, मऊ, जुन्या बंदुकीला चालतो. पण महाग आणि ठिसूळ, म्हणून त्यात कथील मिसळतात.
* टंगस्टन: शुद्ध रूपात घनता १९.३, म्हणजे शिशाहून कितीतरी जड. छर्‍यांत तो दुसऱ्या धातूंबरोबर मिसळून वापरतात. मारा उत्तम, किंमत जबरदस्त.
* तांब्याची गोळी: रायफलसाठी हाच मुख्य पर्याय. ती फुलासारखी उमलते पण तुकडे होत नाहीत, वजन जवळजवळ पूर्ण टिकतं. मात्र तांबं हलकं असल्याने त्याच वजनाची गोळी लांब होते, आणि काही बॅरलांतला पीळ तेवढ्या लांब गोळीला नीट फिरवू शकत नाही. मग हलकी गोळी घ्यावी लागते.

बंदीला विरोध करणारे काय म्हणतात?

हा भाग टाळून पुढे जाऊ नका. त्यांचे मुद्दे फालतू नाहीत.

खर्च आणि उपलब्धता. शिशाविरहित काडतूस बहुतेक ठिकाणी महाग पडतं, आणि कमी खपाच्या किंवा जुन्या बंदुकांसाठी सहज मिळत नाही. पॉइंट टू टूसारख्या लहान काडतुसासाठी शिशाइतका अचूक पर्याय अजून नीट जमलेला नाही.

जखमी प्राणी. हलका छर्रा नीट मारत नाही, प्राणी जखमी होऊन तडफडतो, असा आक्षेप आहे. याची तपासणी टेक्सासमध्ये कबुतराच्या जातीच्या डव्ह पक्ष्यावर झाली. कुठलं काडतूस शिशाचं आणि कुठलं पोलादाचं हे शिकाऱ्याला आणि निरीक्षकालाही माहीत नव्हतं. निकालात फरक सापडला नाही. पण हा एका लहान पक्ष्यावरचा प्रयोग आहे, लांबून मारायच्या रानहंसाला तोच नियम लावता येईलच असं नाही.

संवर्धनाचा पैसा. अमेरिकेत १९३७ च्या पिटमन-रॉबर्टसन कायद्याने बंदुका आणि काडतुसांवर १० ते ११ टक्के कर लागतो आणि तो वन्यजीवांसाठी खर्च होतो. काडतूस महाग झालं, शिकारी कमी झाले, तर हा पैसाही कमी होईल, असं संघटना सांगतात.

पक्ष्यांची संख्या तर वाढतेय! बाल्ड ईगल अमेरिकेत भरपूर वाढले आहेत. मग बंदी कशाला? वर सांगितलेल्या २०२२ च्या अभ्यासाने यालाही उत्तर दिलं: संख्या वाढतेय, पण शिशामुळे बाल्ड ईगलच्या वाढीचा वेग सुमारे ४ टक्क्यांनी कमी झालाय.

अविश्वास. हे कोणी उघड लिहित नाही, पण मूळ इथेच आहे. अनेक शिकाऱ्यांना वाटतं की आज गोळी बंद करतील, उद्या शिकार आणि परवा बंदूकच. त्यामुळे चर्चा रसायनशास्त्राची न राहता राजकारणाची होते. याचं नमुनेदार उदाहरण: १९ जानेवारी २०१७ ला, ओबामा सरकारच्या शेवटच्या पूर्ण दिवशी, अमेरिकेच्या वन्यजीव खात्याने आपल्या जमिनींवर शिसं टप्प्याटप्प्याने बंद करायचा आदेश काढला. मग नवे मंत्री रायन झिंकी आले आणि २ मार्चला, कामाच्या पहिल्याच पूर्ण दिवशी, त्यांनी तो रद्द केला. दीड महिनाही टिकला नाही.

कुठल्या देशात काय नियम?

* डेन्मार्क: १९९६ पासून शिशाचे छर्रे पूर्ण बंद. १ एप्रिल २०२४ पासून शिकारीच्या रायफल गोळ्यांतही शिसं बंद. छर्रे आणि गोळ्या दोन्ही बंद करणारा हा पहिला देश.
* नेदरलँड्स: १९९३ पासून शिकारीत शिशाचे छर्रे बंद.
* नॉर्वे: २००५ मध्ये पूर्ण बंदी, पण २०१५ मध्ये पाणथळ जागा सोडून बाकी ठिकाणी ती उठवली. म्हणजे गाडी उलटीही फिरू शकते.
* युरोपियन युनियन: १५ फेब्रुवारी २०२३ पासून पाणथळ जागांत आणि त्यांच्या १०० मीटर आसपास शिशाचे छर्रे बंद. त्याहून मोठ्या बंदीचा मसुदा २०२५ मध्ये सदस्य देशांपुढे आला.
* कॅलिफोर्निया: २००७ मध्ये कॉन्डॉरच्या भागापुरता कायदा, २०१३ मध्ये राज्यभराचा कायदा, १ जुलै २०१९ पासून सगळ्या शिकारीला लागू. रेंजवरची नेमबाजी यात येत नाही.
* ब्रिटन: जुलै २०२५ मध्ये सरकारने शिशाच्या बहुतेक काडतुसांवर बंदी आणायचं जाहीर केलं, तीन वर्षांची मुदत देऊन.

समजावून सांगावं की सक्ती करावी?

दोन उदाहरणं शेजारी ठेवून बघा.

अ‍ॅरिझोनाने २००५ पासून कॉन्डॉरच्या भागातल्या शिकाऱ्यांना शिशाविरहित गोळ्या फुकट वाटल्या आणि एक्स-रे दाखवून कारण समजावलं. कायदा नाही, दंड नाही. तरी बहुतेक शिकारी तयार झाले.

ब्रिटनमध्ये २०२० साली नऊ शिकार-नेमबाजी संघटनांनी स्वतःहून जाहीर केलं की पाच वर्षांत शिसं सोडू. संशोधक दरवर्षी बाजारातले फेझंट पक्षी घेऊन त्यातले छर्रे तपासत राहिले. २०२३-२४ च्या हंगामातही ९० टक्क्यांहून जास्त पक्षी शिशानेच मारलेले निघाले.

मग कायदा केला की झालं? तेही नाही. इंग्लंडमध्ये बदकांसाठी १९९९ पासून शिसं बंद आहे. पण २०१० मध्ये प्रसिद्ध झालेल्या पाहणीत बाजारातली ७० टक्के बदकं शिशानेच मारलेली होती. तळ्यावर तपासायला कोणी जातच नव्हतं. कॅलिफोर्नियातही कायद्यानंतर गोल्डन ईगल आणि टर्की व्हल्चर यांच्या रक्तातलं शिसं कमी झालं, पण कॉन्डॉरची विषबाधा थांबलेली नाही. नियम, स्वस्त पर्याय आणि लोकांचा विश्वास, तिन्ही लागतं.

आपला काय संबंध?

भारतात १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने आणि १९९१ च्या दुरुस्तीने शिकार जवळजवळ पूर्ण बंद आहे. त्यामुळे आपल्या गिधाडांचा शत्रू शिसं नव्हता, तर गुरांना दिलं जाणारं डायक्लोफिनॅक हे औषध होतं. गोष्ट मात्र हुबेहूब तीच: मेलेल्या जनावरातून विष गिधाडात. २००६ मध्ये भारताने गुरांसाठी ते औषध बंद केलं आणि मेलोक्सिकॅम हा पर्याय पुढे आला. पर्याय हाताशी असला की बंदी पचते, हे आपण स्वतः पाहिलंय.

नेमबाजी मात्र आपली आहे. २०१० मध्ये विश्वविजेती झालेली तेजस्विनी सावंत, २०१८ च्या आशियाई स्पर्धेत सुवर्ण जिंकणारी राही सरनोबत, २०२४ च्या पॅरिस ऑलिम्पिकमध्ये ५० मीटर रायफलचं कांस्य आणणारा स्वप्नील कुसाळे, सगळे कोल्हापूरचे. त्यांचं बघून शेकडो पोरं-पोरी रेंजवर जातात. आणि त्या रेंजवर शिसंच उडतं. एअर रायफलचा एक छर्रा अर्ध्या ग्रॅमचा, पॉइंट टू टूची गोळी अडीच ग्रॅमच्या आसपास, ट्रॅप शूटिंगचं एक काडतूस २४ ग्रॅमचं. ट्रॅपचे २५ बार म्हणजे ६०० ग्रॅम शिसं, तेही उघड्या मैदानावर. युरोपच्या रसायन संस्थेच्या अंदाजाप्रमाणे तिथे वर्षाला ४४,००० टन शिसं गोळ्या, छर्रे आणि मासेमारीची वजनं यांतून निसर्गात जातं, आणि त्यातलं निम्म्याहून जास्त क्रीडा नेमबाजीतून. रायफल-पिस्तूलच्या रेंजवर गोळ्या एका भिंतीत किंवा पेटीत अडवून परत गोळा करता येतात, म्हणून तिथे बंदीऐवजी ‘गोळा करा’ हा मार्ग पुढे येतोय.

एक गोष्ट मला आधी माहीतच नव्हती. पॉइंट टू टूच्या काडतुसात दारू पेटवणारं प्रायमर असतं, आणि त्यातही सहसा शिशाचं संयुग असतं. बार झाला की त्याचा धूर थेट नेमबाजाच्या तोंडासमोर. एअर रायफलला प्रायमर नसतं, त्यामुळे तिथला धोका मुख्यतः हाताला लागणाऱ्या शिशाचा. बहिणीचा आकडा पॉइंट टू टू सुरू केल्यावरच का वाढला, ते इथे कळलं. तिच्या बंदिस्त रेंजवरचा एक्झॉस्ट फॅन दोन महिने बिघडलेला होता, आणि पोरं फायरिंग लाइनजवळच डबा उघडून बसत होती.

रेंजवर जात असाल तर एवढं करा

* फायरिंगच्या जागी खाऊ-पिऊ नका, छर्रे तोंडात धरू नका.
* बाहेर पडल्यावर साबणाने हात आणि तोंड धुवा. नुसतं सॅनिटायझर चालणार नाही, त्याने शिसं निघत नाही.
* फोनला त्याच हातांनी हात लावता ना? तोही पुसा.
* रेंजचे कपडे-बूट वेगळे ठेवा, घरात लहान मूल असेल तर नक्कीच.
* बंदिस्त रेंजवर हवा नेमबाजाच्या मागून पुढे जाते का ते बघा. कोरड्या झाडूने झाडू नका, ओलं पुसा.
* नियमित सराव असेल तर डॉक्टरांना विचारून रक्तातलं शिसं तपासून घ्या.

माझं मत

शिकारीच्या छर्‍यांबाबत पुरावा भरपूर आहे आणि पर्यायही आहेत. मुदत देऊन बंदी घालावी, असं मला वाटतं. रायफल गोळ्यांबाबत तांबं तयार आहे, पण किमतीची आणि जुन्या बंदुकांची अडचण खरी आहे, तिथे अ‍ॅरिझोनासारखी मदत आधी हवी. पॉइंट टू टू आणि एअर रायफलवर आज सरसकट बंदी घातली तर खेळच बसेल. तिथे हवा, साबण आणि गोळ्या गोळा करणं हे आधी. फोनमधलं शिसं काढायलाही वर्षं लागलीच होती, पण तारीख ठरल्याशिवाय कोणी हललं नव्हतं.

नेहमी विचारले जाणारे प्रश्न

अंगात राहिलेल्या गोळीने विषबाधा होते का? होऊ शकते, विशेषतः ती सांध्याजवळ असेल तर. डॉक्टर लक्ष ठेवतात.

पेन्सिलीत शिसं असतं का? नाही. ते ग्रॅफाइट आणि माती असते, नाव तेवढं चिकटलंय.

छर्‍यावर तांब्याचा मुलामा असेल तर चालेल का? नाही. आत शिसंच असतं, आणि पक्ष्याच्या पोटात किंवा आदळल्यावर ते उघडं पडतं.

सैन्याच्या गोळ्यांनाही ही बंदी आहे का? युरोपातले हे नियम शिकार आणि नागरी नेमबाजीसाठी आहेत, सैन्य आणि पोलिसांना ते लागू नाहीत.

जाता जाता: बहिणीने शूटिंग सोडलं नाही. रेंजवर पालकांनी मिळून पंखा दुरुस्त करून घेतला, डबे बाहेरच्या व्हरांड्यात गेले, बेसिनला साबण आला. तीन महिन्यांनी रिपोर्ट आला ४.१. अजून ३.५ च्या खाली नाही, पण मामीचा “बंद कर”चा सूर आता “हात धुतलेस का?” वर आलाय.

तुमच्या ओळखीत कोणी रेंजवर जात असेल तर हा लेख त्यांना नक्की पाठवा. काही शंका असेल तर कमेंटमध्ये विचारा.